रिकाम्या कबरीवरच्या टाळ्या

ब्रेझोविक,
२० मे २०१७

प्रिय फेरिद,

सलाम. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. सबाहेताची पाठ आता कशी आहे? नायलाची परीक्षा आटोपली असेल. छोट्या रागिबला माझा पापा दे.

इथे हवा बरी आहे. झुम्राकाकूच्या अंगणातली आलुबुखारं यंदा भरभरून फुलली होती, पण मध्येच थंडी उलटली आणि निम्मी फुलं काळी पडून गळाली. तरी काकू म्हणते, मुरंब्यापुरती येतील. मी सध्या तिच्याकडेच राहतेय. साराजेवोला परत जायची घाई नाही, कारण नुसरेतनं मला कामावरून काढलं. हे तुला त्याच्याकडून कळलंच असेल. म्हणूनच तर तुझे फोन येतायत. मी ते उचलत नाही. फोनवर मी ओरडेन आणि तू रडशील, आणि दोघांनाही वाटेल की बोलणं झालं. म्हणून लिहायला बसले.

चुलतभावाच्या कंपनीत काम करू नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. पण खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं चांगली गेली. नुसरेतनं जुन्या मशिदींची सहल सुरू केली तेव्हा मला आनंदच झाला. त्राव्निकची रंगीत मशीद, पोचितेलीची डोंगरउतारावरची मशीद, आणि शेवटी आपलं ब्रेझोविक. तुर्की पाहुणे, मलेशियाचे, जर्मनीतले. मी त्यांना आपल्या मशिदीपुढे उभं करायचे आणि म्हणायचे, भिंतीकडे नीट बघा. काळपट दगड दिसतात ते जुने, युद्धातल्या स्फोटानंतर नदीत फेकले होते, ते आपल्या लोकांनी पाण्यात उतरून परत काढले. फिकट दिसतात ते नवे. लोक जवळ जाऊन हात लावायचे. मला तेवढं पुरायचं.

या हिवाळ्यात नुसरेतला ते पुरेनासं झालं.

"मेवी, तुझं ऐकताना लोकांना जांभया येतात," तो म्हणाला. "दगड, दगड आणि दगड. माणसाला माणसाची गोष्ट लागते."

"मग सांग की एखादी."

"सांगणारच आहे. तू आधी बघ तर."

वसंतात मी आजारी होते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सहली त्यानं स्वतः केल्या. गेल्या शनिवारी मी पुन्हा कामावर आले. बुर्साहून आलेले पाहुणे होते, बहुतेक म्हातारी जोडपी. वाटेत सगळं नेहमीसारखं. ब्रेझोविकला उतरलो, मी मशिदीचा दरवाजा ओलांडला आणि अंगणात पाय ठेवला, तर कारंज्याच्या मागे पांढरी संगमरवरी कबर. नवी कोरी. डोक्याशी बाबांचं नाव, सोनेरी अक्षरांत. आणि नावाच्या वर एक चित्र. फेटा बांधलेला, लांब दाढीचा, घारे डोळे आभाळाला लावलेला एक देखणा पीर.

मी त्या तोंडाकडे बघतच राहिले. आपल्या बाबांनी जन्मात कधी दाढी ठेवली नाही. लाकडाच्या गिरणीत काम करायचे, भुसा अडकतो म्हणून रोज गुळगुळीत करायचे. डोक्यावर ती चपटी काळी टोपी. हा कोण परका माणूस त्यांच्या नावाखाली येऊन झोपला, असं मला झालं. आणि झोपलाही नव्हता कुणी. खाली नुसती माती.

मी काही विचारायच्या आत नुसरेतनं माइक हातात घेतला. "बंधूंनो, भगिनींनो, डोळे मिटा," म्हणाला. लोकांनी मिटले. त्यानं बसमधून आणलेल्या स्पीकरचं बटण दाबलं आणि अजान सुरू झाली. फार गोड आवाज. कुठल्या तरी शिकलेल्या गवय्याचा. मग नुसरेत त्यावर बोलू लागला. ब्याण्णव सालचा वसंत, गावात सैनिक शिरलेले, सगळे पळून गेलेले, फक्त अजान देणारा मुएझ्झिन रागिब पळाला नाही. खालून बंदुका रोखलेल्या असताना तो मिनारावर चढला आणि शेवटची अजान देऊ लागला. सुरुंग लावला तरी तो थांबला नाही. आणि मग, फेरिद, स्पीकरमधली अजान अर्ध्यात तुटली आणि धडाम् असा आवाज झाला. सिनेमातला. त्यामागून दगड कोसळल्याचा आवाज.

बायका हुंदके देऊन रडल्या. एकीनं संगमरवराचं चुंबन घेतलं. आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कबरीपुढे टाळ्या! मला तिथंच ओकारी आली असती. खरं तर आलीच. वजूच्या नळांपाशी जाऊन तोंड धुतलं. कुंपणापलीकडे झुम्राकाकू उभी होती. ती दर शनिवारी हे ऐकत होती म्हणे. माझ्याकडे बघून ती जमिनीवर थुंकली आणि म्हणाली, "तुझ्या भावानं किडे पडोत अशी जीभ कमावलीय."

"चुलतभावानं," मी म्हटलं.

काकू काहीच बोलली नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

मी नुसरेतला मिनाराच्या मागे ओढलं. म्हटलं, "बाबा मिनारावर? अरे, त्यांना शिडीवरही चक्कर यायची! वरचा दिवा गेला की वीजवाल्याला बोलवायचे. लाउडस्पीकर आल्यापासून त्यांनी वरची पायरी बघितली नव्हती. खाली बसून, माइकमध्ये आधी खोकून, मग अजान द्यायचे. सगळं गाव त्या खोकल्यावर घड्याळ लावायचं!"

"खोकल्याची कबर बघायला कोण येणार, मेवी?"

"आणि त्या वेळी ते गावातही नव्हते. त्यांना नेल्यानंतर मिनार पाडला."

"तू गाइड आहेस की न्यायाधीश?" तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, मी काही मनानं रचलेलं नाही. तुझ्या भावानंच सांगितलं. तिकडे स्वीडनला, मालमोच्या मशिदीत तो दरवर्षी हेच सांगतो. मी फक्त स्पीकर आणला. आणि पुढच्या शुक्रवारी काकांच्या अस्थी याच कबरीत ठेवायच्या, हेही आमचं ठरलंय. कॅमेरेवाले येणार आहेत. फेरिद हो म्हणालाय."

आता झुम्राकाकूच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. भाऊ म्हणजे तिला तूच म्हणायचा होतास.

फेरिद, गेल्या उन्हाळ्यात नायला इथे आली होती, तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "आत्या, आजोबांना मरताना पडायची भीती वाटली असेल का?" मला वाटलं पोर स्वप्नातलं काही बोलतेय. मी म्हटलं, झोप आता. तिला तू काय सांगून ठेवलं होतंस ते आज कळतंय.

फेब्रुवारीत ओळख पटल्याचा फोन आला, दरीत सापडलेल्यांपैकी एक आपले बाबा आहेत म्हणून, तेव्हा तू पलीकडे कितीतरी वेळ गप्प होतास. मला वाटलं दुःखानं. आज वाटतं, तू घाबरला होतास. मिनाराखाली चिरडलेला माणूस इतक्या लांब, दरीत, मानेत गोळी घेऊन कसा सापडला, हे आता कुणाला कसं सांगायचं, याची तुला काळजी पडली होती. बरोबर ना? मग नुसरेतनं तोड काढली. हाडं इथे आणून संगमरवराखाली घालायची, कोण उघडून बघतंय!

किळस आली मला. नुसरेतची आली त्यापेक्षा जास्त तुझी आली. तो धंदेवाला आहे. तू मुलगा आहेस.

मी परत अंगणात गेले. पाहुणे फोटो काढत होते. नुसरेतच्या हातातून माइक घेतला आणि तुर्कीत म्हटलं, "मी या माणसाची मुलगी. ही कबर रिकामी आहे. चित्रातला माणूस माझा बाप नाही. माझा बाप मिनारावर मेला नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. तुला माहीत आहे ते सगळं. झेनित्साच्या शाळेच्या हॉलमध्ये, निर्वासितांच्या गाद्यांवर बसून, झुम्राकाकूनं आपल्या दोघांना एकदाच सांगितलेलं. तू तेरा वर्षांचा होतास. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत उठून बाहेर गेलास, आणि त्यानंतर आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. आता कागदावर वाच.

बाबा काकूच्या तळघरात लपले होते, मुरंब्याच्या बरण्यांमागे. बाहेरून हाक आली की निघा, नाहीतर आत बॉम्ब टाकू. बाबा सगळ्यांत आधी बाहेर पडले, हात वर करून. इतरांना वाचवायला वगैरे नाही. घाबरले म्हणून. त्यांची विजार ओली झाली होती. सैनिकांपैकी एक गिरणीतला ओळखीचा होता, तो ते बघून हसला आणि त्यानं बाकीच्यांनाही दाखवलं. मशिदीची किल्ली मागितली तर हात इतके कापत होते की ती चिखलात पडली आणि त्यांना ती गुडघ्यांवर बसून शोधायला लावली. ट्रकमध्ये चढताना ते म्हणाले, "मला पोरं आहेत." एवढंच. मग ट्रक गेला.

मग एक बाई रागावून म्हणाली, हे ऐकायला आम्ही एवढ्या लांब आलो का? दुसऱ्या एकानं नुसरेतला विचारलं, मग आधीचं खोटं होतं? नुसरेत म्हणाला, बाईंची तब्येत बरी नाही. पाहुणे हळूहळू बसकडे निघाले. मला वाटलं, झालं, आता माझ्या बापाला कुणीच रडणार नाही.

एक म्हातारा थांबला होता. काझिम बे, निवृत्त शाळामास्तर. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि मला विचारलं, "मुली, त्यांना खायला काय आवडायचं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "करपलेलं बुरेक. कडेचा तुकडा." आणि मग मला रडू आवरेना.

नुसरेतनं बस सुटायच्या आधीच मला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. म्हटलं, नाहीच येणार.

आता जे मी पहिल्या पानापासून टाळतेय ते लिहिते. बाबांना मी मंगळवारी दफन केलं. तुला कळवलं नाही. मोठी मी, कागदावर सही माझी चालते, आणि ती मी केली. वरच्या डोंगरावर, आजीच्या शेजारी. इमाम इसहाक एफेंदींनी नमाज पढवली. आधी ते का-कू करत होते, मशिदीच्या कमिटीचा नुसरेतला पाठिंबा आहे म्हणत होते. झुम्राकाकू त्यांच्या दारात जाऊन बसली. "त्या रिकाम्या भोकावर दुआ मागताना तुमची जीभ अडखळली नाही, आणि हाडं आली तर अडखळतेय?" म्हणाली. एफेंदी खाली मान घालून टोपी शोधायला आत गेले.

फार थोडे लोक होते. काकूचा नवरा, शेजारचे दोघे-तिघे, एफेंदी. आणि काझिम बे. तो आपली सहल सोडून साराजेवोहून टॅक्सी करून आला होता. मी काकूबरोबर कुंपणाशी उभी होते. हिरव्या कापडातली पेटी खांद्यावरून खांद्यावर आली तेव्हा दिसत होतं की ती हलकी आहे, माणसं ती सांभाळून नेत होती, जशी झोपलेलं मूल नेतात. पुरुष खाली उतरल्यावर मी कबरीपाशी गेले. टाळ्या नव्हत्या. वारा होता आणि कुणाच्या तरी शेळ्या.

मला वाटलं होतं बरं वाटेल. तसं काही झालं नाही. राग तसाच आहे. पण एक गोष्ट लख्ख कळली. ज्यांनी बाबांना हसून नेलं त्यांना वाटत होतं की घाबरलेला माणूस म्हणजे अर्धा माणूस. आणि तूही इतकी वर्षं तेच मानत आलास. तुला त्या ओल्या विजारीची लाज वाटली, म्हणून तू त्यांना दाढी चिकटवलीस, फेटा बांधलास आणि मिनारावर चढवलंस. ज्या माणसाला शिडीवर चक्कर यायची, त्याला तू दरवर्षी वरून खाली पाडत राहिलास.

ते घाबरले होते. त्यांना मारायला नको होतं. इतकं सरळ आहे हे, फेरिद. त्यासाठी त्यांनी शूर असायची काही गरज नव्हती.

काल शुक्रवारी नुसरेतचे कॅमेरे आले आणि गेले म्हणे. संगमरवर अजून तिथंच आहे. कमिटी म्हणते काढू. बघू. मी इथे आहे, रोज जाऊन विचारणार आहे. साराजेवोतल्या एका बाईनं मला तिच्या सहलींसाठी विचारलंय. जूनपासून जाईन कदाचित. ब्रेझोविकला येणाऱ्यांना मी पुन्हा दगड दाखवीन, आणि कुणी मुएझ्झिनबद्दल विचारलंच तर हेच सांगीन.

तुला यायचं असेल तर ये. वर कबरस्तानात फळकुट आहे, नाव माझ्या हातचं आहे, चुकणार नाही. पण यायच्या आधी नायलाला समोर बसव. छोट्या रागिबलाही, त्याला बाबांचं नाव दिलंयस ना. हे पत्र मोठ्यानं वाच. विजारीपाशी थांबू नकोस, पुढे वाचत जा. पोरं काही वाईट म्हणणार नाहीत. म्हणतील ही भीती तुझी आहे, त्यांची नाही.

ते झाल्यावर फोन कर, मी उचलेन. तोपर्यंत मला ताई म्हणू नकोस.

मेवलिदा