पट्टीखालची चीर

चिरंजीव,

तुझ्या आत्याच्या पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नाही. "एकटीनं होत नाही, गाडी घेऊन ये आणि मला तुझ्याकडे ने," एवढंच तिनं लिहिलं होतं. तू म्हणालास, "इंजिन संपलं, बाबा. पुस्तकं वाचून गाड्या चालत नाहीत." नेहमीसारखं मला वाटलं, माझंच चुकत असेल.

आज तेच गाडीदुरुस्तीचं पुस्तक उघडलं. इंजिन चालू ठेवलं, पाइपाचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक फिरवत गेलो. मागच्या रबरी नळीपाशी सूं सूं ऐकू आलं. तिच्यावर तुझ्या खोलीतली निळी चिकटपट्टी! सोडवली, तर खाली बोटभर चीर, तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं, म्हणूनच गाडी थरथरायची. म्हणजे तुला ठाऊक होतं. आत्या नको होती तर तोंडावर सांगायचंस, बिचाऱ्या गाडीच्या नावावर बिल कशाला फाडलंस?

नवी नळी बसवली. गाडी आता थरथरत नाही. जुनी नळी पट्टीसकट टेबलावर ठेवली आहे, बघून घे. चारला तू गाडी न्यायला बोलावलेला भंगारवाला येईल, त्याला तूच तोंड दे. मी पेट्रोल भरायला जातोय.

रविवारी आत्याला आणणार. तसं उत्तर कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून मगच ही चिठ्ठी लिहितोय. तू समोर आलास की माझा धीर सुटतो. आता पत्र मलाही परत काढता येणार नाही.

बाबा