माझी चौकट हिरवी झाली

१२ जून
आले एकदाची. बस खाली शेतघरापाशी सोडते, तिथून वर हिमनदीपर्यंत सगळं सामान पाठीवर. झोपडी छोटी आहे, पण चूल छान पेटते आणि खिडकीतून बर्फाचं निळं टोक दिसतं. रग्नफ्रिड आठवडाभर आधीच येऊन बसलीय. उजेडाकडचा बिछाना तिनं घेतलाय, अर्थात. आम्ही दोघी एकाच प्रोफेसरांच्या विद्यार्थिनी, आणि तिथंही चांगली जागा नेहमी तिचीच असायची. असो. आज मी खुशीत आहे.

बर्फ मागं सरकला की जी जमीन उघडी पडते, तिच्यावर काय कसं उगवतं ते पाहायचं, हे आमचं काम. ओढ्यापलीकडे तिची चौकट, अलीकडे माझी. चार खुंट्या, भोवती दोरी, आत नुसते दगड नि करडी माती. आधी दगडांवर काळं बुरशीसारखं काहीतरी धरतं, मग शेवाळ, मग जांभळी फुलं, मग विलोची ठेंगणी झुडपं, सगळ्यात शेवटी बर्चची झाडं. तेवढं व्हायला माणसाचं आयुष्य सरतं.

१५ जून
खालच्या शेतघरातल्या बोर्गहिल्डबाईंकडे दूध नि बटाटे आणायला गेले होते. त्यांनी बजावलं की वर काही सांडायचं नाही. पावाचा चुरा, कॉफीचा गाळ, भांडी धुतलेलं पाणी, सगळं बादलीत भरून खाली आणायचं. मेंढ्यांमागं जाणारी त्यांची माणसं लघवीलासुद्धा जुन्या दगडी बांधाखाली येतात म्हणे. त्या जमिनीला अजून कुणी भरवलेलं नाही पोरी, उगाच सवय लावू नकोस, असं म्हणाल्या. मला हसू आलं, कारण नियम आमचाही तोच आहे. बाहेरचं काही पडलं की त्या मातीला आयतं खायला मिळतं आणि आमच्या नोंदी खोट्या ठरतात.

२८ जून
रग्नफ्रिडच्या चौकटीत जांभळं फूल आलं. माझ्याकडे साधं शेवाळही नाही.

शेतघरी प्रोफेसरांचा फोन आला होता. ऑगस्टमध्ये येतायत. पुढल्या वर्षीपासून सगळं खोरं आमच्यापैकी एकीकडेच राहणार, दुसरीनं शहरात जाऊन वर्गात शिकवायचं. हे ऐकूनही रग्नफ्रिड शांत. अगं, तुझ्याकडंही उगवेल की, दगडांना कुठं घाई असते, असं म्हणत तिनं तिच्या वाटणीचं तपकिरी चीज मला कापून दिलं. तिनं दया दाखवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. चीज मात्र खाल्लं.

३ जुलै
तळ्यातले ट्राउट मासे साफ केले. ते रक्ताळ पाणी बादलीतून खाली न्यायचं होतं. नेलं नाही. माझ्या चौकटीत ओतलं. रग्नफ्रिड पलीकडे पाठमोरी वाकून बसली होती. मातीनं पाणी एका दमात ओढून घेतलं.

७ जुलै
शेवाळ! दाट, ओलं, दोरीपर्यंत. रोज मासे पकडतेय. तिला सांगते की भूक फार लागते इथं.

११ जुलै
जांभळी फुलं, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. ती बघायला आली आणि वाकून एकेक फूल मोजत राहिली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१६ जुलै
विलो गुडघ्याला लागतायत. हे असं होत नाही, मला कळतं. रग्नफ्रिडनं तोंडावरच विचारलं, काय घातलंस ग त्यात? मी म्हटलं, तू जळतेस. हे मी म्हणावं, आणि तिला!

दोरीबाहेरही एक रांग आलीय. झोपडीच्या बाजूला.

१९ जुलै
मासे बंद केले. प्रोफेसरांना संशय यायला नको. आज मोजणीला वाकले, तर एक मूळ घोट्याभोवती आलेलं. सुरीनं कापताना डावा अंगठा चिरला. रक्त आत पडलं. बघता बघता कळ्या फुटल्या.

२२ जुलै
पायवाटेवर विलो. उंबऱ्याशी बर्च. रग्नफ्रिड म्हणते, आजच्या आज खाली जाऊ. मी हे सोडून गेले की खोरं तिचं, दुसरं काय.

२४ जुलै
अंगठ्यावर काळं धरलंय, दगडांवर धरतं तसं. मनगटाला शेवाळ. क्रम बरोबर आहे. दुखत नाही. नोंद केली.

२५ जुलै
तळहातातून जांभळं फूल —

रग्नफ्रिडनं पाहिलं. रडली. डॉक्टरकडे चल म्हणाली, हात धरला. आणि शेवाळ तिच्या बोटांकडे झुकलं. मी स्वतः पाहिलं. मी भरवलेलं, माझ्या अंगावरचं, आणि ओढ तिची. तिनंही पाहिलं असणार. ढकलून बाहेर काढलं तिला. कडी लावली.

२६ जुलै
ती खालून कुऱ्हाड घेऊन आलीय. दार फोडते म्हणते. मागं सरक ग गुनव्होर, तुझ्यासाठी आलेय, असं ओरडतेय —

खोटं. माझ्यासाठी कधीच —

खिडकीतून दिसतंय. सगळे बर्च तिच्याकडे वळतायत. फांद्या तिच्या केसांत. तिला कळलेलंही नाही. ओरडून सांगायला हवं तिला, पळ म्हणून —

नाही सांगत. तिच्याकडे का? मी भरवलं. मी —

हाक मारली त्या रानाला. वळत नाही. डावा हात त्याला पुरत नाही, कोपरापर्यंत हिरवा झालाय तरी. उजवा अजून कोरा आहे, हा लिहितोय तो. हा दिला तर माझ्याकडेच वळेल, तिच्याकडे बघणारही नाही. सुरी इथंच आहे. खिडकी उघडते आणि हा हात त्याच्या