गाणे एकदा शेवटपर्यंत वाजविण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यवाह,
नदीकाठ लोकसंगीत संशोधन परिषद,
मेडेयिन.

विषय : परिषदेच्या दूरध्वनीवर वाजणारे गाणे बंद करणे, तत्पूर्वी ते एकदा पूर्ण वाजविणे, आणि ध्वनितंत्रज्ञ श्री. डुबेर्ने अरांगो यांच्यावरील ठपका काढून टाकणे.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे तक्रारपत्र. ते खोटे असल्याने या अर्जाद्वारे मागे घेण्यात येत आहे.

महोदय,

१. अर्जदार यामिलेथ रेंतेरिया ही किबदो येथे राहणारी संशोधिका असून, 'अत्रातो नदीकाठची बालनिरोपाची गाणी' हा तिचा निबंध परिषदेच्या यंदाच्या अधिवेशनात स्वीकारण्यात आला होता. तान्हे मूल दगावले की आमच्याकडे त्याला रडून नव्हे, तर गाऊन-खेळवून निरोप देतात. त्यामुळे या गाण्यांचा ठेका नाचरा असतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ती लग्नातली वाटावीत.

२. निबंधातील मुख्य गाणे पुएर्तो सेरेनो या गावच्या दोन्या (आमच्याकडे 'बाई' या अर्थी) तेओदोलिंदा यांचे आहे. सगळे गाव त्यांना लिंदामावशी म्हणते आणि अर्जदारही तेच म्हणते. त्यांचा मुलगा एल्कीन पाऊल टाकायला लागण्याआधीच तापाने गेला. त्याला निरोप देताना म्हटलेले गाणे त्यांनी अर्जदारासाठी चुलीपुढे बसून पुन्हा म्हटले. संमतिपत्रावर सही वगैरे करण्याआधी त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "घेतेस तर सगळं घे गं बाई. माझी आई म्हणायची, पोराला दारापर्यंत सोडायचं. अर्ध्या वाटेत हात सोडला तर ते जाईल कुठे?" अर्जदार म्हणाली, "सगळं घेते, मावशी." आणि घेतलेही. मावशींचे हे वाक्य निबंधात तळटीपेसह दिलेले आहे.

३. यानंतर परिषदेचे परिपत्रक आले. प्रत्येक निबंधलेखकाने आपल्या संशोधनाचा प्रसार व्हावा म्हणून अर्ध्या मिनिटाचा आकर्षक ध्वनितुकडा पाठवावा, असे त्यात होते. गाण्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात टाळ्या आहेत. दुसऱ्यात धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यावेळी मुलाची मानलेली आई, आईच्या हातातून मूल घेते, आणि तेथे ठेका थांबतो, नुसता आवाज राहतो. तो ऐकून लोक पुढचे काहीतरी लावतील, असे अर्जदारास वाटले. म्हणून तिने दुसरा भाग काढून टाकला. ओळ संपायच्या आधीच कापले, कारण त्या जागी टाळी छान पडत होती. हे काम अर्जदाराने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हाताने केले. दुसऱ्या कोणाचाही त्यात हात नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे.

४. अधिवेशनास परिषदेने लिंदामावशींनाही सन्मानाने बोलावले होते. त्या निळा झगा घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वेळ कमी असल्याने अर्जदाराने सभागृहातही तोच तुकडा लावला. लोकांनी ठेका धरला. मागच्या बाकांवरची काही मंडळी उठून डुलूही लागली. आणि गाणे तुटले व पडद्यावर आलेख आला. लिंदामावशींनी बसल्या जागेवरून विचारले, "पुढचं?" अर्जदार ध्वनिक्षेपकातून म्हणाली, "वेळेअभावी, मावशी." सभागृह प्रेमाने हसले. अर्जदारही हसली. मावशी हसल्या की नाही हे अर्जदाराने पाहिले नाही. मुद्दामच पाहिले नाही. संध्याकाळी उत्कृष्ट सादरीकरणाचे प्रशस्तिपत्र मिळाले, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या आणि छायाचित्रात दोघी आहेत.

५. पुढे त्या तुकड्याला पाय फुटले. परिषदेने तो आपल्या जाहिरातीत घेतला. अर्जदाराने तो सर्व परिचितांना अभिमानाने पाठवला व 'पुढे पाठवा' असेही लिहिले. मेडेयिनमधील एका व्यायामशाळेत सकाळच्या वर्गाला त्यावर उड्या मारतात, असे एका मैत्रिणीने कौतुकाने कळवले. अर्जदाराने तिला टाळ्यांचे चित्र पाठवले. शेवटी परिषदेने आपल्या दूरध्वनीवर, समोरच्याला थांबवून ठेवताना, तोच तुकडा लावला. तो संपला की पहिल्यापासून सुरू होतो.

६. लिंदामावशींची छत्री सभागृहात राहिली होती. तिची चौकशी करायला त्यांनी परिषदेच्या कार्यालयात फोन केला. त्यानंतर त्यांनी अर्जदारास फोन केला. त्यांचे शब्द असे होते : "अगं, तिथे माझंच गाणं लागलं. मी म्हटलं, आता पुढचं येईल. ठेवलाच नाही फोन. पण ते आपलं परत पहिल्यापासून. परत तेच. मग बॅलन्स संपला." मग त्यांनी विचारले, "कोणी तोडलं गं ते?"

अर्जदार म्हणाली, "तिथल्या तंत्रज्ञाने, मावशी."

हे तोंडातून निघून गेले, आणि ते खरे ठरावे म्हणून अर्जदाराने त्याच दिवशी आपल्याकडे तक्रारपत्र पाठवले. त्यात 'परिषदेच्या तंत्रज्ञाने गाण्याची बेजबाबदारपणे मोडतोड केली' असे वाक्य आहे. भाषा कडक आहे. ती लिहिताना अर्जदारास स्वतःचा राग खराच वाटत होता. त्या पत्रावरून श्री. अरांगो यांना काम थांबविण्यास सांगण्यात आले. त्यांनी अर्जदारास फोन केला. भांडले नाहीत. म्हणाले, "ताई, माझ्याकडे आली ती फाइलच तेवढी होती. मी फक्त आवाज थोडा वाढवला. तुमच्याकडे मूळ असेल तर जरा बघता का?" अर्जदार "बघते" म्हणाली, आणि त्यानंतर त्यांचे फोन घेणे तिने बंद केले.

७. गेल्या रविवारी अर्जदार होडीने पुएर्तो सेरेनोला गेली. लिंदामावशी ओट्यावर मासे साफ करत होत्या. अर्जदार उभ्या उभ्याच म्हणाली, "मावशी, गाणं मी तोडलं. त्या माणसाने नाही."

त्यांनी हातातला मासा पुरा केला. मग विचारले, "का गं?"

"वेळ नव्हता."

"किती लागला असता?"

"दीड-दोन मिनिटं."

त्यांनी मासे तळले, कच्च्या केळ्याचे काप तळले आणि अर्जदारापुढे ताट ठेवले. स्वतः जेवल्या नाहीत. ताट ठेवताना म्हणाल्या, "तू आधी खा. होडीने आलीस." शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, हे वाक्य अर्जात शोभत नाही याची अर्जदारास जाणीव आहे, तरी ते तसेच ठेवत आहे. जेवण झाल्यावर अर्जदाराने विचारले की, गाणे सगळीकडून काढून टाकायला सांगू का? त्या म्हणाल्या, "काढायचंच आहे. पण असं अर्ध्यातच काढतेस? आधी पुरं वाजव. जिथे तोडलंस तिथेच. मी इथून फोन लावून ऐकेन." आणि अर्जदार होडीकडे निघाली तेव्हा मागून म्हणाल्या, "त्या दिवशी तू येऊ नकोस."

८. सबब नम्र विनंती की :

(अ) श्री. डुबेर्ने अरांगो यांना कामावर परत घ्यावे व त्यांच्या कागदांतून ठपका काढावा. त्यांना द्यावयाच्या पत्रात चूक कोणाची हे अर्जदाराच्या नावासह लिहावे. अर्जदार त्यांना स्वतंत्रपणे भेटणार आहे. ते दार उघडतील की नाही हा त्यांचा प्रश्न आहे.

(आ) उत्कृष्ट सादरीकरणाचे प्रशस्तिपत्र सोबत परत करीत आहे, ते जमा करून घ्यावे. निबंध रद्द करावा की कसे, हे समितीने ठरवावे. जो निर्णय होईल तो अर्जदारास मान्य राहील.

(इ) परिषदेच्या दूरध्वनीवर आपण ठरवाल त्या दिवशी सदर गाणे एकदा पूर्ण वाजवावे व त्यानंतर ते कायमचे बंद करावे. तोवर येणारा प्रत्येक फोन पहिल्या घंटेलाच उचलण्याची व्यवस्था व्हावी, म्हणजे तो तुकडा कोणाच्याही कानावर पडणार नाही. कार्यालयात माणसे कमी आहेत हे अर्जदारास ठाऊक आहे. आवश्यक वाटल्यास अर्जदार तेथे येऊन विनावेतन फोन उचलत बसण्यास तयार आहे.

(ई) ठरलेला दिवस दोन्या तेओदोलिंदा यांना आधी कळवावा. गावात फोनला रेंज फक्त शाळेमागच्या चढावर मिळते आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे त्या वर पोहोचल्यावर लाइन व्यस्त लागू नये आणि गाणे चालू असताना मध्येच कोणी "हॅलो" म्हणू नये.

(उ) अर्जदारास त्या दिवशी मावशींजवळ जाण्यास मनाई असल्याने, आणि लाइन अडू नये म्हणून ती स्वतः फोनही लावणार नसल्याने, तिला खात्री करता येणार नाही. तरी गाणे पूर्ण वाजले किंवा नाही, एवढे एका ओळीत लेखी कळविण्याची कृपा व्हावी.

आपल्या त्या एका ओळीची वाट पाहणारी,

(सही)
यामिलेथ रेंतेरिया
किबदो
दि. १९ नोव्हेंबर

सोबत :
१. उत्कृष्ट सादरीकरणाचे प्रशस्तिपत्र, मूळ प्रत.
२. अर्जदाराने तुकडा पाठवतानाच्या ईमेलची प्रत, श्री. अरांगो यांच्या माहितीसाठी.
३. दोन्या तेओदोलिंदा यांच्या गाण्याचे पूर्ण ध्वनिमुद्रण. शेवटच्या ओळीआधी त्या बराच वेळ गप्प आहेत. तेथे बिघाड नाही, कृपया ती जागा तशीच ठेवावी.