धूर वर, हवा खालून

मंगळवार, ता. ८ जानेवारी १९५७

वहीबाई, उशीर झाला, माफ कर. दिवाळीनंतर आज तुला हात लावतोय. हात काळे असतात आणि तुझी पानं पांढरी. साबणानं धुतले तरी बोटांच्या रेषांतली काजळी जात नाही. डोळेही चुरचुरतात. आज चुलीतल्या राखेनं हात घासले आणि मगच बसलो.

लिहिण्यासारखं म्हणजे — पुतळाला सातवा लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. संक्रांतीला तिची सासू खेडहून येणार, पाठवणीचा दिवस ठरवणार. भागूबाई दुपटी शिवायला बसली. मी काळजी करायला बसलो. कसली म्हणून विचारू नकोस. सगळ्याची.

घर आमचं दोन खणांचं. पुढच्या खणात चूल नि येणं-जाणं. मागच्या खणात कणग्या आणि माझी बत्ती. बाळंतीण मागच्याच खणात निजणार, दुसरी जागा नाही. तिथंच मी सकाळपासून मणी करतो. रॉकेलचा जाड वातीचा दिवा, पायाखाली भाता. भात्याची पितळी नळी ज्योतीत फुंकते, ज्योत निमुळती आणि कडक होते. कासाराकडून वाढलेल्या बांगड्या आणायच्या — फुटक्या म्हणायचं नाही, भागूबाई रागावते — त्या ज्योतीत मऊ करायच्या आणि तारेवर गुंडाळायच्या. काळ्या मण्यावर पांढरे ठिपके दिले की झाला दृष्टमणी. चाकणच्या आसपास बहुतेक तान्ह्या पोरांच्या मनगटात माझेच मणी आहेत. माझ्या नातवंडाच्या तेवढे नाहीत, कारण ते अजून यायचंय.

ज्योतीला झुळूक चालत नाही. झुळूक लागली की मणी तडकला. म्हणून तळेगावची काचकारखान्यातली नोकरी सुटली त्या वर्षी मी मागची खिडकी विटा-मातीनं बुजवली, कौलांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मणी छान होतात. धूर मात्र कुठं जात नाही.

मंगळवार, ता. १५ जानेवारी

काल विहीणबाई आल्या. तानाबाई म्हणजे उंच बाई, आवाज मोठा. तिळगूळ हातावर ठेवला आणि थेट मागच्या खणात शिरल्या. बत्ती चालूच होती. बाजाराचे मणी राहिले होते, मला वाटलं कशाला विझवू. विझवायला हवी होती.

खोकल्या. मग बुजवलेल्या खिडकीवर हात ठेवला, बोटांनी ठोकून बघितली.

"इव्हाई, ही खिडकी का बुजवली?"

"ज्योतीला वारा लागतो."

"आन् मानसाला?"

त्यांनी पदराच्या टोकानं भिंत पुसली आणि काळं टोक भागूबाईपुढं धरलं. "पुतळा आमची हाय. ह्या बंद डब्यात न्हाई घालायची म्या तिला. जागा नीट करा, मग सांगा. न्हाईतर बाळातपन खेडलाच हुईल."

गुळाची पोळी मात्र दोनदा मागून घेतली. दुपारच्या एसटीनं गेल्या. भागूबाई भांडी घासताना डोळे पुसत होती. आईबाप जिवंत असून पोर पहिल्या वेळेला सासरी! बाई फार टेचात आहे. काजळीच दिसली तिला.

गुरुवार, ता. १७

भागूबाईला म्हटलं, पोर येऊन जाईपर्यंत बत्ती बंद ठेवतो. ती म्हणाली, "अवं, नगा. रिकामं बसलं की तुमी भाजीतलं मीठ चाखत फिरताय. पोर चार दिसांत सासरी पळंल." खरं आहे. शिवाय चैत्रात जत्रा आहेत, मणी लागतात. गोठ्यात बसावं तर तिथं कडबा. अंगणात बसावं तर वारं.

खिडकीची वरची वीट काढून पाहिली. ज्योत लोळली, मणी तडकले. वीट परत लावली.

रविवार, ता. २०

आज घाबरलो. थंडी फार, म्हणून दारही ओढून घेतलं होतं. मणी सावकाश निवावेत म्हणून पाटीत राख घालून खाली पेटते कोळसे ठेवतो, तेही होते. काम चांगलं चाललं होतं. मग डोकं जड झालं. मग एकदम बरं वाटायला लागलं — इतकं बरं की भात्यावरचा पाय थांबला तरी मला कळलं नाही. भागूबाई ताक द्यायला आली म्हणून वाचलो. बगलेत धरून तिनं मला अंगणात ओढलं. तिथं ओकलो. ती म्हणते, "हसत व्हता तुमी. म्या हाका मारती आन् तुमी हसताय."

दिवसभर तिनं मला नजरेआड होऊ दिलं नाही. मी पण गेलो नाही.

शनिवार, ता. २ फेब्रुवारी

बाजारात बरकतच्या दुकानी बसलो. पत्र्याचे डबे, नरसाळी, कंदील करतो. जुना दोस्त. मला चेष्टेनं गेनबाशेठ म्हणतो. त्याला सगळं सांगितलं, हसत होतो तेही. त्यावर तो हसला नाही.

"ती कोळशाची हवा. बंद खोलीत शेगडी घेऊन निजलेलं मानूस उठत न्हाई, गेनबा. धूर दिसतो तरी. ती दिसत न्हाई."

मग हातातलं नरसाळं उलटं करून त्यानं माझ्या डोक्यावर धरलं. असंच मोठं करायचं, बत्तीवर टांगायचं, त्याची नळी कौलातून बाहेर काढायची. मी विचारलं, पाऊस आला तर? नळीला टोपी. टोपी उडाली तर? तारेनं बांधू. पत्रा गंजला तर? दुसरा लावू. माकडं येऊन बसली तर?

"मग माकडाला खाली मनी करायला बसव आन् तू वर जाऊन बस."

शुक्रवार, ता. ८

नळी चढली. शेजारची यशोदाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "पिंपरीवानी हितंबी कंपनी निघाली का, भावजी?"

बत्ती लावली. धूर नरसाळ्यापर्यंत जातो, तिथं घुटमळतो आणि परत माझ्याच तोंडावर येतो. बरकत म्हणतो नळीत दोष नाही. मग कशात आहे? नळी आखूड झाली का? अरुंद झाली का? कौल उगाच फोडलं. भागूबाईनं कौलाचे तुकडे वेचून टोपल्यात भरले.

शनिवार, ता. ९

तसंच.

रविवार, ता. १०

कळलं! भागूबाई ज्वारी काढायला मागच्या खणात आली. हातात टोपलं होतं, म्हणून दार पायानं ढकललं, ते उघडंच राहिलं. तेवढ्यात धूर उठला आणि सरळ नळीत शिरला — कुणी हाक मारल्यासारखा. दार लोटलं. घुटमळला. उघडलं. गेला. मी इतक्या वेळा लोट-उघड केली की भागूबाई टोपलं खाली ठेवून म्हणाली, "दाराला काय झोके देताय?"

रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करून अडतं. समोर दुसरं पाडलं की सरळ धार लागते. हे जन्मभर बघितलं. घरालाही तेच लागतं, हे डोक्यात आलं नाही. बाहेर जायला वाट दिली, आत यायला दिलीच नव्हती.

पण दारातून येणारं वारं ज्योत हलवतं. हवा खालून यायला हवी, माझ्या पाठीमागून.

मंगळवार, ता. १२

पाठीमागच्या भिंतीत, जमिनीलगत, एका विटेचं भोक पाडलं. साप येईल म्हणून जाळी लावली. विंचू येईल म्हणून बारीक जाळी लावली. पुढं फळी तिरकी उभी केली, म्हणजे हवा थेट बत्तीवर येत नाही, वळून वर जाते. बत्ती लावली. ज्योत हलली नाही. धूर वर गेला. मणी सगळे धड.

संध्याकाळी मागच्या खणात ज्वारीचा वास आला. इतकी वर्षं कणग्या तिथंच आहेत. मला वास आज आला.

शनिवार, ता. १६

भागूबाईची युक्ती — धोतराचं पांढरं फडकं खणात दोरीवर वाळत टाकायचं आणि खाली मी काम करायचं. केलं. फडकं पांढरंच राहिलं. जावई दादू बाजाराला आला होता, त्याच्याजवळ ते दिलं. म्हटलं, "आईंना दाखवा." मनात म्हटलं, आता पुसा पदर.

शनिवार, ता. २३

दादू निरोप घेऊन आला. "आई म्हनली, फडकं बघितलं. पर आत हवा कुठनं येती ते इचारून ये."

बघ आता! काजळी गेली तर हवा. या बाईचं समाधान व्हायचंच नाही. दादूला भोक दाखवलं. त्यानं बिडी पेटवून भोकापाशी धरली. धूर आत ओढला जाऊ लागला. दादूला मोठी मौज वाटली. "आईला सांगतो, घर बिडी वढतंय."

बुधवार, ता. २७

पुतळा आली.

रविवार, ता. १० मार्च

बरे दिवस चाललेत. पुतळा माझ्यामागं कणगीला टेकून बसते आणि चुका काढते. "आबा, ह्याचा ठिपका वाकडा झालाय." लहानपणी खोकून बाहेर पळायची, आता दुपारभर बसते. बाळासाठी मणी तिनंच निवडले. मी म्हटलं, आधी करून ठेवू नयेत. ती म्हणाली, "मग तुमी काळजी तरी कशाला आधी करून ठिवताय?"

भागूबाई हसली. मी पण हसलो. मणी डबीत ठेवले आहेत.

रविवार, ता. १७

सोजराबाई सुईण येऊन गेली. पुतळा तिच्याच हातची. मागचा खण बघितला, भोकाजवळ बसली, हात लावला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच चोर.

"बाळंतिनीला वारा? म्हातारपनी चळलास का, गेनबा?"

चिंध्यांचा बोळा करून भोकात कोंबला. वरची नळी राहू दे म्हणाली, तेवढ्यासाठी कौलावर कोण चढणार. बाजेखाली शेगडी, दार बंद, बारा दिवस. मी सांगितलं, वरची नळी एकटी चालत नाही, मी करून बघितलंय. कोळशाच्या हवेचं सांगितलं. मला काय झालं होतं ते सांगितलं.

"तू मनी कर. पोरं मी बघते."

भागूबाईला बाजूला घेऊन बोललो. तिनं स्वतः मला ओढून काढलं होतं. पण ती म्हणाली, "सोजराबाईच्या हातनं पोरं जगल्यात. वारा लागला तर कुनाला बोल लावायचा?" मी बोळा काढला. जेवून येतो तो परत कोंबलेला. परत काढला. परत कोंबलेला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं किती बोलायचं? पुतळाचं तोंड बघवत नाही. ती हसतेय, आणि मला तेच नको वाटतं.

गुरुवार, ता. २१

पुतळाला पहाटेपासून कळा. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ खेडला निरोप दिला होता, दादूसाठी. आल्या तानाबाई. विहीण कधी बाळंतपणाला येत नाही. या आल्या, चपला अंगणात भिरकावल्या आणि आत. मी दारातून बघत होतो.

पुतळाकडं एकदा बघितलं. मग सरळ भोकाकडं. वाकून बोळा उपसला आणि माझ्या अंगावरून अंगणात फेकला.

सोजराबाई म्हणाली, "इनबाई, तुमचं हितं काय काम?"

"माजं नातवंड हाय. शेगडी पायजे तर त्या नरसाळ्याखाली ठिवा. बाजेखाली न्हाई. आन् हे भोक कुनी बुजवलं तर मी हितंच आडवी पडते, मग माज्यावरनं ये-जा करा."

सोजराबाई बराच वेळ पुटपुटली. शेवटी भागूबाईनं बाजेच्या कडेला गोधडी टांगली, म्हणजे झुळूक थेट पुतळाला लागत नाही. बाज दूर सरकवली. शेगडी नरसाळ्याखाली गेली. माझ्या बत्तीची जागा.

मला मोकळं वाटलं. पण या बाईला आमच्या भोकाचं एवढं काय, ते कळलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी

तानाबाई पाणी प्यायला बाहेर आल्या. माझ्याजवळ पायरीवर बसल्या. कौलावरच्या नळीकडं बघत होत्या.

"इव्हाई, माजी थोरली लेक माहेरी आली व्हती, पहिल्या येळंला. थंडी व्हती. सगळं बंद, बाजेखाली शेगडी. सकाळी बगितलं तर मायलेकरू निजल्यालंच. लोक म्हनलं, बाहेरचं झालं. तुमची ती खिडकी हाताला लागली आन् —"

तांब्या माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. दार लागलं.

नळीतून धूर सरळ वर जातोय. मण्यांची डबी माझ्या मुठीत आहे. आतून अजून काही नाही. भागू, सोजराबाई, विहीणबाई — कुणीही — एक शब्द लवकर बाहेर धाडा.