आरतीच्या चपला

मी, दीपमाला नत्थुजी गावंडे, वय एकसष्ट, सेवानिवृत्त पोलीस उपनिरीक्षक, राहणार कठोरा रोड, अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबाव आणणारे येऊन, चहा पिऊन गेले. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या भाच्याला मी ओळखते. आत्याला शेवटी भ्रम झाला होता, असं तो उद्या कोर्टात म्हणेल.

मी लग्न केलं नाही. जे आहे ते माझ्या पगाराचं, आणि थोडं वडिलांकडून आलेलं.

१. कठोरा रोडचं घर माझा भाचा शिवम आणि त्याची मयत पत्नी आरती यांची मुलगी आचल हिला द्यावं. ती धामणगाव रेल्वे या गावी आजोळी वाढली, आता अमरावतीत शिकते आणि कोणाच्या तरी खोलीत एका खाटेचं भाडं भरते. घरात राहावं, विकावं, तिची मर्जी. तिच्या बापाचा या घरावर कसलाही हक्क नाही.

का, ते लिहिते. आरती गेली तेव्हा आचल पाळण्यात होती. पातूरजवळच्या आमच्या वावरातल्या विहिरीत आरती सापडली. घरच्यांनी पोलीस ठाण्याआधी मला फोन केला. माझा भाऊ, शिवमचा बाप श्याम म्हणाला, "दीपा, पयले तू ये. तू आली का सारं बराबर होते." घरात पोलीसवाली असली की असल्या वेळी कामी येते, असा त्यांचा हिशेब.

मी गेले. वहिनीच्या, शिवमच्या आईच्या, गळ्यात पडून रडले. पाणी ओढताना पाय घसरला, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. पावसाची झड नुकतीच उघडली होती. आमच्या काळ्या मातीत अशा दिवसांत चार पावलं टाकली की चपलेला शेरभर चिखल चिकटतो, नाहीतर चपलाच मागे राहतात. आणि आरतीच्या चपला विहिरीच्या दगडावर जोडीने ठेवलेल्या, तळालाही चिखल नाही. पोरगी काय उडत आली होती? मी डोळे पुसले आणि पातूर ठाण्याला फोन लावला. तपास माझ्याकडे नव्हता, नसायलाच हवा होता. मी फक्त जे पाहिलं ते सांगितलं.

त्या संध्याकाळी श्यामने माझे पाय धरले. "तुले भाऊ एकच हाय ना वं?"

मी म्हटलं, "हाय. अन् आरतीलेबी बाप एकच हाय."

शिवमवर आरतीच्या खुनाचा खटला चालला. कोर्टात दोन्ही पंच फितूर झाले. आमच्यासमोर चपला जप्तच झाल्या नाहीत म्हणे. शेजारी आजारी पडले. वहिनीला साक्षीला कोणी बोलावलंच नाही. शिवमच्या वकिलाने मला विचारलं, तुम्ही भावाला हक्कसोड लिहून दिली नव्हती ना? शेतीचा राग होता ना? मग चपला धुऊन तुम्हीच ठेवल्या ना? एवढी वर्षं मी खाकी घातली, माझ्यावर असा आळ कोणा चोरानेही घेतला नव्हता. शिवम सुटला. आमच्या भावकीत मी आजही "चपलावाली" आहे. माझी आई गेली तेव्हाही मला कळवलं नाही.

त्या चपला कोणी ठेवल्या, हे मला आजही माहीत नाही. किती घरफोड्या उघड केल्या, घरचीच गोष्ट उलगडली नाही. मरताना मन मोठं करावं म्हणतात. माझं आहे तेवढंच राहील. मी कोणालाही माफ केलेलं नाही.

२. पातूरच्या शेतीतला माझा हिस्साही आचलला. आमच्याकडे साडीचोळीवर बहिणीचं नाव सातबारावरून काढतात. मला ती साडी दोनदा आणली, दोनदा परत केली. रंगही धड नव्हता.

३. शिवमला काही नाही. मागच्या महिन्यात पेढे घेऊन आला होता. "आत्या, झालं गेलं. घरचं घरातच राहू दे." पेढे मी समोरच्या गल्लीत वाटले. त्याने माझ्या तिरडीला हात लावू नये.

४. स्कूटी आचलला. ब्रेक करकरतो, आधी दुरुस्त करून घ्यावा. माझे जुने सहकारी केशवराव बोचरे यांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, उद्या भांडायला जागा होते, असं वकिलांनी बजावलं आहे.

५. माझी वहिनी रुख्मिणी हिला हयातभर या घरात राहण्याचा हक्क दिला होता. हे कलम मी स्वतः रद्द केलं आहे. श्याम गेल्यावर शिवमने तिला बाहेर काढलं. ती एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली. मी पिशवी आत घेतली. मी आजारी पडल्यापासून माझं सगळं तीच करते. हा मसुदा मी वाचून दाखवला तेव्हा ती वांगी चिरत होती. म्हणाली, "साक्षीदार मले कर."

मी तिला वकिलांचं म्हणणं सांगितलं.

"मंग मले काई देऊ नको. तवा कोर्टात उभी नाई राह्यली. आता उभी राहू दे."

मला संताप आला. "काहून? आता काय उपेग?"

"मी लिहितो माह्या हातानं. मंग तू वाचजो."

सहीखाली तिने थोडी जागा मागितली, ती सोडली आहे. आचल, आजीला घरात ठेव असा हुकूम मी करू शकत नाही. तिने काय लिहिलं ते वाच आणि तूच ठरव.

अमरावती, १४ ऑगस्ट २०२५

सही : दीपमाला नत्थुजी गावंडे

साक्षीदार १ : केशवराव बोचरे, सेवानिवृत्त हवालदार. दीपमालाताईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : रुख्मिणी श्याम गावंडे. माह्या ननंदेनं माह्यासमोर सही केली. तिचं डोकं ठिकाणावर हाय. आरतीच्या चपला घरातून पदराखाली नेऊन विहिरीवर म्या ठेवल्या. शिवमनं सांगतलं अन् म्या ठेवल्या. माह्ये पाय घोट्यावरी चिखलानं भरले होते. दीपा, तू माह्या गळ्यात पडून रडली. पायाकडं पायलं नाई.