उतरवलेली पट्टी

१८ जानेवारी, रविवार

ती. अर्लिसताईस,
लोरेनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर चार शब्द पाठवले तर त्याला तू पत्र मानत नाहीस. म्हणून पुन्हा कागद काढला आहे. आपल्या एका खोलीच्या शाळेत तू माझ्याकडून गिरवून घेतलेलं अक्षर अजून वाचता येतं का, ते कळव.

बातमी आनंदाची आहे. मॅरेनला चार कॉलेजांनी बोलावलं. संगीत नाटक शिकवणाऱ्या कॉलेजांना आधी घरून व्हिडिओ पाठवावा लागतो, आणि तो पसंत पडला तरच मुलीला समोर उभं करतात. अकरा ठिकाणी पाठवला होता. सात जणांनी तिथूनच नाही म्हटलं. उरलेल्या चारांपैकी तीन ऑडिशन शिकागोच्या एकाच हॉटेलात, सहा आणि सात फेब्रुवारीला. चौथी तुमच्या आयोवात, कॉलेजातच, अठ्ठावीस तारखेला.

व्हिडिओ नोव्हेंबरात आपल्या चर्चमध्ये केला. साथ माझी, चर्चच्या पेटीवर. निरोपाचं गाणं आहे, शेवटी एक उंच सूर आहे. तो आठ वेळा फाटला आणि नवव्यांदा लागला. पोरगी बाकांमधून उड्या मारत आली, म्हणाली, बाबा, कसला लागला! मी म्हटलं, देवाची कृपा. घरी कॉनीने विचारलं की आठ वेळा देव कुठे गेला होता. तुझ्या भावजयीला मी काय उत्तर देणार?

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती माझ्या साथीवर गाते आणि सूर रोज लागतो. शाळेतल्या गाण्याच्या बाई दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यामुळे तिला शिकवणारा मीच, असं ती गावभर सांगते. माझं फार कौतुक तू तरी करू नकोस, ताई.

मी चालवतो त्या शाळेच्या बसचा रस्ता सध्या नुसता बर्फ आहे. मुलांना सुखरूप पोचवलं की रोज आभार मानतो.

माया आहे तशीच असू दे, आणि शिकागोच्या वाटेवर तुझी प्रार्थना सोबत दे.

तुझा धाकटा,
लोरेन


डिकोरा, आयोवा, २४ जानेवारी

चि. लोरेन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाचता येतं. शुद्धलेखन होतं तसंच आहे.

मॅरेनने व्हिडिओ मलाही पाठवला होता. ऐकू काही आलं नाही. कानात घालायची ही यंत्रं म्हणजे भांडी आपटल्याचा आवाज. पण तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंय, गळा मला डोळ्यांनी कळतो. पोरीची मान सैल होती, जबडा सैल होता. उन्हाळ्यात माझ्याकडे आली तेव्हा हेच गाणं गाताना मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणायची. चार महिन्यांत एवढा फरक म्हणजे मेहनत म्हणायची. तू नको म्हणालास तरी कौतुक करते.

आता ऐक. गाण्याच्या स्वरलिपीचे कागद फाइलमध्ये एकापुढे एक चिकटव, तिकडे साथीला बसणाऱ्या पियानोवादकाला पानं उलटत बसायला लावू नका. लय तिने स्वतः हळू आवाजात गाऊन दाखवायची, टेबलावर बोटं आपटून दाखवायची नाही, वादकांना राग येतो. आणि एवढं कर: जाण्याआधी तिला एकदा दुसऱ्या कुणाच्या साथीवर गाऊ दे. तिकडचा माणूस समोरचा कागद वाचेल, तुझ्यासारखा तिचा श्वास ओळखून थांबणार नाही. शेजारच्या गावात त्या मेथडिस्ट चर्चच्या बाई पियानो वाजवतात ना? पायाने पेडल तुडवतात, पण कागदाला धरून वाजवतात. एक तास मेथडिस्टांकडे गेल्याने तुझा लुथरन धर्म बुडत नाही.

तिला माझा पापा. तुझ्यावर जीव आहे, हे दरवेळी लिहायला लावू नकोस.

ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेथडिस्ट बाईंकडे मी तिला नेलं नाही. तुझं पत्र कोटाच्या खिशात होतं, ते तसंच घेऊन शिकागोला गेलो. आधी काय झालं ते लिहितो, मग का झालं ते.

हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर लांब बोळ. भिंतीला पाय लावून ताणणारी मुलं, कोपऱ्याकोपऱ्यात गुणगुण, प्रत्येकाच्या छातीवर क्रमांकाचा कागद. आईबापांना दाराबाहेर खुर्च्या. माझ्या शेजारी टेक्सासच्या एक बाई होत्या, मांडीवर रंगीत फायलींचा ढीग. त्यांनी विचारलं, तुमच्या किती ऑडिशन? मी म्हटलं, चार. म्हणाल्या, चारच? फार धीराचे आहात हो, आमच्या सतरा आहेत.

मॅरेन आत गेली. दार पातळ होतं. पियानोच्या पहिल्या ओळीलाच मला पुढचं कळलं. ती छान गायली. शेवटचा सूर आला आणि कापड फाटावं तसा फाटला. टेक्सासच्या बाई कळवळून म्हणाल्या, अगं बाई, कुणाची आहे हो बिचारी? मी म्हटलं, ठाऊक नाही.

लगेच दार उघडलं आणि ती सरळ माझ्याकडे आली.

दुपारी दुसऱ्या खोलीत तोच सूर, तीच जागा. परीक्षकांनी मायेने विचारलं म्हणे, व्हिडिओत तर सुरेख होता, सर्दी झाली आहे का? ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खोलीत ती गेलीच नाही. जिन्यात बसून राहिली. म्हणाली, बाबा, घरी लागतो आणि चार माणसं समोर आली की जातो, म्हणजे मी भित्री आहे. माणसांना घाबरणाऱ्याने रंगमंचावर जायचंच कशाला? मी शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला आणि मोठ्याने प्रार्थना केली, की प्रभू, या लेकराच्या मनातली भीती काढून टाक. तिने आमेन म्हटलं.

ताई, तिला भीती नव्हतीच. ऑर्गन मोडल्यावर चर्चने जी विजेची पेटी घेतली, तिला एक बटण आहे. बोटं तीच ठेवायची, कागद तोच, बटण दाबलं की आवाज खालच्या पट्टीत येतो. आपल्या म्हाताऱ्या मंडळींना वर चढवत नाही म्हणून रविवारी मी ते वापरतो. नोव्हेंबरात आठव्या वेळेनंतर मॅरेन पाणी प्यायला गेली, तेव्हा मी पट्टी दोन सूर खाली घेतली. वाटलं, एकदा लागला की धीर येईल, मग हळूच वर नेऊ. पण तिचा आनंद बघितल्यावर तोंड उघडेना. रोज म्हणायचो, उद्या. फाइलमधला कागद मूळच्या पट्टीतलाच राहिला. शिकागोच्या वादकाने कागदावर होतं ते वाजवलं. त्याचा काही दोष नाही.

आता ती आयोवाला जायचं नाही म्हणते. न येण्याचं पत्र लिहून ठेवलं आहे, टाकायचं बाकी आहे. आईबरोबर वृद्धाश्रमात कामाला लागते म्हणाली. मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या असतील, पण प्रार्थनेत खोटं कधी बोललो नव्हतो. काल चर्चमध्ये त्या पेटीसमोर बसलो आणि मान वर करवेना.

तुझ्या मायेला मी पात्र आहे असं वाटत नाही. तरी मागतो.

लोरेन


डिकोरा, १४ फेब्रुवारी

चि. लोरेन यास,
आशीर्वाद.

अरे वेड्या, पट्टी उतरवणं हा गुन्हा असता तर मी तीस वर्षं तुरुंगात काढली असती. गळ्याला जी बसते ती पट्टी. या धंद्यात सगळे तेच करतात, छापील कागद हव्या त्या पट्टीत मिळतो आणि परीक्षक त्याबद्दल एक शब्द विचारत नाहीत. नोव्हेंबरात तिला नुसतं म्हणाला असतास, मॅरेन, दोन सूर खाली घेऊ या का, तर ती म्हणाली असती, घेऊ या. एवढंच होतं. हे वाचून तुला जास्त लाज वाटेल हे मला माहीत आहे. वाटू दे.

त्या बाईंना काय म्हणालास ते तू आणि देव बघून घ्या. जिन्यातल्या प्रार्थनेचं मात्र तुला पोरीशीच बोलावं लागेल. ती स्वतःला भित्री समजून बसली आहे आणि त्या समजुतीवर पुढचं आयुष्य ठरवते आहे. ती समजूत तू तिच्या हातात दिलीस, वर आमेन म्हणवून घेतलंस.

अठ्ठावीस तारीख हाताशी आहे. बावीस तारखेच्या रविवारपर्यंत सांग. नाही सांगितलंस तर मी गाडी काढून येईन. सत्तरीला टेकलेली बहिरी बाई एवढ्या बर्फातून गाडी हाकत येते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आण आणि मग ठरव.

सोबत गाण्याचा कागद आहे, दोन सूर खालचा. मीच हाताने उतरवला. ऐकू येत नसलं तरी बोटांना अजून सगळं येतं. शेवटच्या ओळीत श्वासाची जागा लाल पेन्सिलने केली आहे, ती तिला दाखव.

रागावले आहे. माया त्यातूनच ओळख.

ताई


२२ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी सांगितलं. बस फिरवून झाल्यावर तिला तसंच चर्चला नेलं. पेटी सुरू केली आणि म्हटलं, एकदा गा. म्हणाली, नको ना, बाबा. मी म्हटलं, माझ्यासाठी. आधी मूळच्या पट्टीत वाजवलं. सूर फाटला. मग तिच्या देखत बटण दाबलं आणि पुन्हा वाजवलं. लागला.

ती पेटीच्या छोट्या पडद्यावरचा पट्टीचा आकडा बघत राहिली. विचारलं, हे कधीपासून? म्हटलं, नोव्हेंबरपासून. रोज? म्हटलं, रोज. मला वाटलं आता ओरडेल, पेटी ढकलून देईल. ती अगदी हळू म्हणाली, मग जिन्यात तू देवाकडे काय मागत होतास?

टेक्सासच्या बाईंशी काय बोललो तेही मग सांगून टाकलं, कारण अर्धं सांगायची माझ्यात ताकद उरली नव्हती. त्यावर तिने कोट घातला आणि चालू लागली. घर तीन मैल आहे. मी बस काढली आणि तिच्या मागे मागे, माणसाच्या चालीने चालवत राहिलो. दोनदा दार उघडलं. ती चढली नाही. दुकानाच्या खिडकीतून लोक बघत होते.

घरी कॉनीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, बटाटे सोलताना सुरी लागली तरी देवाचं नाव घेतोस, आणि पोरीला एवढं सांगायला तोंड नव्हतं? मग बटाटे माझ्या हातातून काढून घेतले.

तुझा कागद मी मॅरेनच्या टेबलावर ठेवला होता. शनिवारी सकाळी न येण्याचं ते पत्र टोपलीत फाडलेलं दिसलं. जेवताना तिने आईला सांगितलं की आयोवाला जायचं, आईने गाडी चालवायची, रात्री आत्याकडे राहायचं आणि बाबा येणार नाही. हे आईकडे बघून सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.

शुक्रवारी त्या दोघी पोचतील. मी इथे बस चालवीन. तिचं गाणं व्हावं एवढंच मागतो आहे, आणि तेही आता मनातल्या मनात, कारण मोठ्याने मागायची भीती वाटते. तिला काय आवडतं ते तुला ठाऊक आहेच, चार घास जास्त वाढ.

तुझी माया तिच्या वाट्याला आधी जाऊ दे, उरली तर मला.

लोरेन


डिकोरा, १ मार्च

ती. बाबास,
नमस्कार.

आत्याने लिहायला बसवलं आहे. म्हणते, एवढी मोठी गोष्ट फोनवर सांगायची नसते. आई सोफ्यावर झोपली आहे.

ऑडिशन झाली. वादकाने आत्याचा कागद बघितला आणि विचारलं, हे हाताने कुणी लिहिलं? मी म्हटलं, माझ्या आत्याने, तिला ऐकू येत नाही. तो म्हणाला, ज्यांना ऐकू येतं त्यांनी इतकं स्वच्छ लिहावं. मग मी गायले आणि सूर लागला. मला वाटलं, झालं. पण परीक्षक बाई म्हणाल्या, आता नुसते स्वर घेत वर चढ, जमेल तिथपर्यंत. मी चढत गेले आणि जिथे शिकागोत फाटला होता, बरोबर तिथेच फाटला. समोर चार माणसं. त्या बाईंनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, ठीक, आज तुझा आवाज इथपर्यंत आहे, दोन-तीन वर्षांत आणखी वर जाईल. एवढंच. कुणी हळहळलं नाही. मीही नाही. माझा आवाज कुठे संपतो ते मला पहिल्यांदा कळलं, आणि ते एका अनोळखी बाईंनी सांगितलं. ते तू सांगायला हवं होतंस.

निकाल महिनाअखेरीला आहे. लागेल तसा लागेल.

पेटीचा राग कमी होईल असं वाटतं. तू त्या बाईंना ठाऊक नाही म्हणालास, त्याचा राग मोठा आहे. आत्या म्हणते, तो मोठाच असू दे, घाई करू नकोस.

आता कामाचं. शिकागोत ज्या तिसऱ्या खोलीत मी गेले नाही, त्या कॉलेजला मी पत्र लिहिलं होतं. आजारी होते असं लिहिता आलं असतं. मी लिहिलं की जिन्यात बसले होते, आणि का बसले होते तेही सगळं लिहिलं. त्यांनी दहा तारखेपर्यंत नवा व्हिडिओ मागितला आहे. आत्याला ऐकू येत नाही, आणि मेथडिस्ट बाईंच्या पेडलमध्ये माझं गाणं बुडेल. म्हणून शनिवारी दुपारी दोनला तू चर्चमध्ये ये. पट्टी मी लावीन. तू पेटीला हात लावायच्या आधी मी पडद्यावरचा आकडा बघेन, प्रत्येक वेळी बघेन, आणि तू त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

माफ केलं असा अर्थ काढू नकोस. मला साथ हवी आहे आणि माझा श्वास तुला कळतो, म्हणून बोलावते आहे. सुरू करण्याआधी आपण नेहमी प्रार्थना करतो ती या वेळी मी करीन. तुला पटली तरच आमेन म्हण.

लोभ आहे का असं विचारशील, तर आहे. रागही आहे. शनिवारी दोन्ही घेऊन येते.

मॅरेन