विमान थरथरतं तेव्हा

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. आजोबांचं नाही, म्हणजे आजोबांचं काही बरंवाईट झालं, असं मनात आलं असेल तर ते आधी झटकून टाक. आजोबा पलीकडच्या खोलीत लाकूड घासत बसलेत आणि मला ऐकू जाणार नाही अशा बेताने गाणं म्हणतायत, ते मला इथे ऐकू येतंय. हे अक्षर शेजारच्या मास्तरीणबाईंचं. मी बोलते, त्या लिहितात. आजवरची माझी सगळी पत्रं आजोबांनी लिहिली आणि माझ्या तोंडी स्वतःचंच कौतुक घुसडलं, हे मला फार उशिरा कळलं. मास्तरीणबाई तसं करत नाहीत, पण माझी वाक्यं सरळ करायला बघतात. मी त्यांना म्हटलं, बाई, नळ वाकडा असेना, पाणी येतंय ना? मी पडले अंगठाबहाद्दर, पण बोलायला कधी अडले नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवलंस तरी ते तिथेच ठाण मांडून बसतं.

तर ऐक. गेल्या हंगामात आजोबांचं ते लाडकं पिवळं ग्लायडर हवेत थरथरायला लागलं. तेच ते, ज्याच्या पंखाच्या बरगड्या तू शाळेत असताना चिकटवल्या होत्यास आणि त्यांच्यासोबत जेवणाचं टेबलही. इंजिन नाही, पंखा नाही. टेकडीवरून वर चढणारा वारा आणि आजोबांच्या हातातला रिमोट, एवढ्यावर ते घारीसारखं तरंगायचं. एक दिवस घरी येऊन म्हणाले, शेपटी थरथरतेय, ती हलवणारी आतली मोटार गेली. ती बोटाएवढी मोटार बदलली, तरी थरथर. मग वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, शेपटीचा बिजागर उकलून पुन्हा बसवला. दर वेळी विमानाचं पोट फाडायचं आणि दर वेळी मी इस्त्री घेऊन त्याच्यावर रंगीत फिल्म ताणून बसवायची. माझे कपडे चुरगळलेले आणि विमान कडक इस्त्रीचं, असं चाललं होतं. रिमोट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. शेवटी टेकडीवरचा दातवाला, म्हणजे तो दातांचा डॉक्टर, ज्याला आजोबांनीच उडवायला शिकवलं, तो म्हणाला, काका, जरा माझ्याकडे द्या बघू. त्याने रिमोट हातात घेतला आणि विमान तेलाची धार पडावी तसं सरळ गेलं.

आजोबांनी विमान काखेत मारलं. घरी आले, सगळी विमानं जुन्या चादरींत गुंडाळून कपाटावर ठेवली आणि मला म्हणाले, हल्ली वारा पडलाय. वारा पडलाय म्हणे. त्याच दिवशी माझे वाळत घातलेले टॉवेल उडून मास्तरीणबाईंच्या गच्चीत गेले होते. त्या मान हलवतायत, विचार हवं तर.

आता नवऱ्याचं काही बिनसलंय हे कळायला बायकोला यंत्र लागत नाही. दाढी करून आले की गालावर ओरखडे. चहाचा कप अर्धाच भरून मागायचे आणि वर मलाच ऐकवायचे की साखर कमी करतोय. मी मुकाट्याने अर्धा कप द्यायची, थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. त्यांच्या थोरल्या भावाला झालेला तो मोठा आजार तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. आधी एक हात थरथरायला लागला, मग पाय अडखळायला लागले, मग तोंडावरचं हसू गेलं, मग माणूस खुर्चीला खिळला तो खिळलाच. यांच्या डोळ्यांसमोर तेच होतं आणि माझ्याही. आणि आम्ही दोघं शहाणे जेवायला बसलो की भाजीत मीठ कमी पडलं का जास्त, यावर चर्चा करायचो. भीतीला घरात ठेवून घेतलं ना चिंगे, की तिला खायला फार लागतं. ती झोप खाते, भूक खाते, शेवटी नवरा-बायकोचं भांडणसुद्धा खाते. भांडण नाही म्हणजे घरात काय राहिलं सांग. त्याच दिवसांत तू येऊन गेलीस. कपाटावरची गाठोडी बघितलीस आणि काही विचारलं नाहीस. मला जरा नवल वाटलं, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

डॉक्टरकडे चला म्हटलं की हे मांजरासारखे पलंगाखाली. मग मी माझा गुडघा पुढे केला. एकटीने जाववत नाही, सोबत चला. दवाखान्यात पाटी वाचून म्हणाले, अगं, हा मेंदूचा डॉक्टर आहे. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला कुठे वाचता येतं, दातवाल्याने हाच दरवाजा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अडाणीपणाने मिळकत केली. तेवढ्यात आतून नाव पुकारलं ते यांचं. माझ्याकडे असं बघितलंन, की गुडघा खरोखरच दुखायला लागला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी हात मांडीवर सैल सोडायला लावले. हात गप्प. मग हात पुढे पसरायला लावले, पाणी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतायला दिलं, कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला लावलं. तिथे मात्र हाताने आपलं नाटक दाखवलं. मग चालवलं, वळवलं, हसवलं. मी डॉक्टरीणबाईंचा चेहरा वाचत होते, तेवढंच मला वाचता येतं. त्या म्हणाल्या, त्या मोठ्या आजारात हात बहुतेक वेळा निवांत पडलेला असताना थरथरतो, तुमचा काम करताना थरथरतो. चालणं छान आहे, चेहरा छान आहे. हा तो आजार नव्हे, हा नुसता कंप. त्रास देईल, हळूहळू वाढेलही, पण खुर्चीला खिळवणार नाही. गोळी देते, सगळ्यांना सारखीच लागू पडत नाही, बघू या. मग विचारलं, घरात आणखी कुणाला होता का? आजोबा म्हणाले, आईचे हात थरथरायचे, पण ती वडिलांना घाबरायची म्हणून. मला राहवेना. म्हटलं, सासूबाई आणि घाबरणार? भिंतीला टेकून उभे राहायचे ते सासरे. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, हा कंप पुष्कळदा घराण्यातून उतरतो. कुणाला म्हातारपणी दिसतो, कुणाला ऐन तरुणपणी. कॉफी ढोसली, झोप मोडली, मनावर ताण आला की जास्त दिसतो.

बाहेर येऊन आजोबा बाकावर बसले, रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. तर रुमालाआडून म्हणाले, म्हणजे मोटारी सगळ्या चांगल्या होत्या. मग आम्ही दोघं तिथे बसून असे हसलो की आत जाणारी माणसं आमच्याकडे बघून हळहळत होती. तिथून बाहेर पडल्यावर माझे पाय भुईला लागत नव्हते. घरी पोचायच्या आधी आमचं भांडणही झालं, डावीकडून जायचं की उजवीकडून. किती बरं वाटलं काय सांगू.

घरात आल्या आल्या चादरी सुटल्या आणि नवीन ग्लायडर सुरू झालं. आता बाल्साच्या हलक्या लाकडी फळीतून बरगड्या मी कापते, कारण धारदार पातं त्यांच्या हातात देणं म्हणजे बोटांना निरोप देणं. घासायचं काम त्यांचं. म्हणतात, हात आपणहून हलतो, मी नुसता पॉलिशपेपर धरून बसतो, फुकटचं यंत्र आहे. दातवाल्याने रिमोटमध्ये करामत करून ठेवली. त्याच्यावरची काडी मधल्यामध्ये थोडीफार हलली तर विमानाला पत्ताच लागत नाही, मुद्दाम हलवली तरच ते ऐकतं. नवऱ्याच्या कानात असं काही बसवता आलं असतं तर माझा जन्म सुखात गेला असता, पण ते त्यांच्या कानात आधीपासूनच आहे. शिवाय गळ्यात पट्ट्याने अडकवायची एक लाकडी फळी केली, तिच्यावर रिमोट ठेवायचा आणि मनगटं टेकायची. आजोबा आरशात बघून म्हणाले, फेरीवाला दिसतोय, नुसतं ओरडायचं बाकी आहे.

टेकडीवर गेलो त्या दिवशी दातवाल्याने आणखी एक रिमोट आणला होता, यांच्या रिमोटला जोडायचा. नवशिक्याच्या हातून विमान सुटलं की शिकवणारा त्या दुसऱ्या रिमोटवरून सावरून घेतो. आजोबांनी सगळ्या टेकडीला असंच शिकवलं. आता त्यांच्यासाठी तो दुसरा रिमोट निघाला, हे बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, नको. मोडलं तर माझ्या हातून मोडू दे. मला कळत होतं, हे पडलं तर हा माणूस परत रिमोटला हात लावायचा नाही.

दातवाल्याने विमान वाऱ्यावर सोडलं. वर चढलं, छान चढलं, आणि मग एक झोत आला आणि पंख कलला. झालं, यांनी काडी घट्ट धरली. घट्ट धरली की थरथर जास्त, थरथर जास्त की आणखी घट्ट. विमान दारुड्यासारखं डावीकडे, उजवीकडे, आणि खाली दगड. दातवाला स्वतःची मूठ चावत होता. मी म्हटलं, अहो, हात सोडा. रागावून म्हणाले, काय? म्हटलं, आल्यागेल्या प्रत्येकाला तुम्हीच सांगता ना, विमान गोंधळलं की तुम्ही गप्प बसा, पंखांची टोकं वर उचललेली आहेत ती काय शोभेला, ते आपलं आपण सावरतं. मग सोडा. त्यांनी बोटं उचलली. विमानाने दोन हेलकावे खाल्ले आणि सरळ झालं, जणू काही झालंच नव्हतं. त्यानंतर त्यांनी ते कुठवर नेलं म्हणतेस, माझी मान दुखायला लागली. उतरताना झुडपात घातलं आणि शेपटी मोडली. ती हातात नाचवत आले आणि म्हणाले, चला, आता शेपटीचं खरंखुरं काम निघालं. तिचंच आत घासणं चाललंय.

आता चिंगे, हे पत्र तू हातात न धरता टेबलावर पसरून वाचतेयस, हे मला इथून दिसतंय. मास्तरीणबाईंची लेखणी थांबली, पण त्यांनी शपथ घेतलीय, कुणाला सांगणार नाहीत. आलीस तेव्हा कप न उचलता तू तोंड कपाकडे नेलंस. आजोबांनी बघितलं नाही, ते स्वतःचा हात लपवण्यात गुंतले होते. मी बघितलं, आणि माझ्या मनाने ते दुसरीकडेच ठेवून दिलं. परवा तुझी आई म्हणाली, कॅमेरे दुरुस्त करायचा कंटाळा आला म्हणून तू काउंटरवर बदली मागून घेतलीस. लहानपणी घड्याळ उघडून बसलेली तू जेवायला यायची नाहीस, तुला चिमट्याचा कंटाळा येईल? तूही त्या थोरल्या आजोबांचीच खुर्ची डोळ्यांसमोर धरून एकटी बसली असशील. म्हणून डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द वर लिहायला लावला, तू तो मला न विचारता वाचावास म्हणून. मी काही डॉक्टर नाही, तुझा कंप तोच आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तसा असण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि ते सांगणारं माणूस तुझ्या गावातही असेल. याच आठवड्यात जा. तोवर कागद खुशाल हातात घेऊन पुन्हा एकदा वाच. थरथरला तर थरथरू दे, अक्षरं काही खाली सांडत नाहीत.

तुझीच,
गुडघा पूर्ण बरा असलेली आजी